चिमणीचा स्कर्ट कधीच तंग झाला नाही

घराघरांत पोरं वाढतात आणि कपडे तोकडे पडतात. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेला युनिफॉर्म वर्ष संपायच्या आत काखेत काचतो, कमरेचा हूक लागेनासा होतो, आणि आई कपाळाला हात लावून म्हणते, "अगं, काय बाई तुझी वाढ!" टेलरबाईंच्या घरी मात्र असं कधी झालंच नाही. त्यांची लेक चिमणी पंधरा वर्षांची झाली, तिचं अंग वर्षागणिक दुप्पट झाल्यासारखं वाटायला लागलं, पण तिचा शाळेचा स्कर्ट तिला एकदाही तंग झाला नाही. आणि सगळा घोळ तिथंच होता.

चिमणी हे लाडाचं नाव. दिवस भरायच्या आत जन्मली, दोन ओंजळींत मावेल एवढी. महिनाभर काचेच्या पेटीत होती. तेव्हापासून टेलरबाईंच्या जिवाला एकच घोर, पोर उपाशी राहायला नको. पोरीनं ताटात काही टाकलं की त्या पुढ्यात बसून तेवढं भरवायच्या. आठव्या-नवव्या वर्षी चिमणी अंगानं भरली तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, "बाळसं आहे हो, वयात आली की उतरेल." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. म्हणायला काय जातं?

सहावीत असताना शाळेत तपासणी झाली. एक शिक्षक काट्याजवळ उभे राहून एकेकाचं वजन मोठ्यानं वाचत होते आणि दुसरे लिहून घेत होते. चिमणीची पाळी आली. "चौसष्ट!" असं ते ओरडले, आणि सगळ्या वर्गानं बाकं बडवली. त्या दिवशी चिमणी घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, आजपासून माझं माप कुणी घ्यायचं नाही. तूसुद्धा नाही."

टेलरबाईंनी मान डोलावली. त्यांना टेपची गरज नव्हतीच म्हणा! वीस वर्षं लोकांचे कोट, पँटी, झगे शिवलेले. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांनी कंबर मोजलेली असायची, आणि चूक अर्ध्या इंचाच्या वर जायची नाही. त्या दिवसापासून त्या चिमणीला डोळ्यांनीच मोजू लागल्या.

शिवताना कपड्याच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. इतर टेलर इंचभर माया ठेवतात, टेलरबाई चिमणीच्या स्कर्टला चार इंच ठेवायच्या. दुपारी पोर शाळेच्या खेळाच्या कपड्यांत असली की घरी राहिलेला स्कर्ट मशीनवर यायचा. ब्लेडनं टीप उसवायची, अर्धा इंच सोडायचा, पुन्हा टीप मारायची, इस्त्री फिरवायची. कुणाला कळायचं नाही. माया संपली की त्याच ताग्यातून नवा स्कर्ट बेतायचा, चार वेळा धुवायचा, कडा दगडावर घासायच्या, म्हणजे तो जुना दिसेल. एकदा तर हद्द झाली. जुन्या स्कर्टच्या खिशाजवळ शाईचा एक डाग पडला होता. टेलरबाईंनी नव्या स्कर्टवर, त्याच जागी, काडीनं तसाच डाग पाडला. हसू नका. लेकीच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून आई काय काय करते, याला काही हिशेब नसतो.

कापड बेतायचं तर माप लिहावंच लागतं, हाताला वळणच तसं. म्हणून गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत, अगदी शेवटच्या पानावर, नाव न घालता त्या तारीख टाकून कंबर, छाती, गळा लिहून ठेवत. छत्तीस. अडतीस. एकेचाळीस. पान भरत चाललं होतं आणि त्या पानाकडे बघायची त्यांना स्वतःलाच भीती वाटायची.

मग शाळेतून चिठ्ठी आली. "विद्यार्थिनी वर्गात झोपते. आळस सोडावा." चिमणीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून आलेला माणूस, चिठ्ठी वाचून भडकला.

"झोप येणार नाही तर काय होईल? खायचं आणि लोळायचं! तोंडावर ताबा नको?"

"अहो, हळू बोला, ऐकेल ती."

"ऐकू दे की! ऐकावं म्हणूनच बोलतोय!"

चिमणीची आत्या नेमकी आली होती. ती म्हणाली, "कपाटाला कुलूप लाव दादा. आपोआप वठणीवर येईल." आणि खरंच लावलं हो कुलूप! खाण्याच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली बाबांच्या खिशात. त्या कुलपाला टेलरबाईंनी एका शब्दानंही हरकत घेतली नाही. बाबा लेकीला धाक दाखवत होते आणि आई लेकीचं वाढणं झाकत होती. दोघांनाही वाटत होतं, आपण तिचं भलं करतोय.

चिमणीनं मात्र संध्याकाळचं जेवणच सोडलं. भूक नाही म्हणायची आणि पाणी पिऊन बसायची.

एका रविवारी दुपारी ती मशीनशेजारच्या गादीवर उताणी झोपली होती. टेलरबाई एका कोटाचं अस्तर शिवत होत्या. चिमणी मोठ्यानं घोरत होती, तिची ती सवयच होती, आणि त्या आवाजाकडे टेलरबाईंचं लक्षही नसायचं. एकाएकी आवाज थांबला. टेलरबाईंचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला. पोरीची छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून हवा येत-जात नव्हती. टेलरबाई वाट बघत राहिल्या. आता येईल, आता येईल... ओठांवर निळसर छटा आली.

"चिमणे! ए चिमणे! ऊठ गं!"

त्यांनी गदागदा हलवलं तेव्हा चिमणीनं बुडणाऱ्या माणसासारखा मोठ्ठा श्वास ओढला, डोळे अर्धवट उघडले, "काय आहे गं?" म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली. टेलरबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. तासाभरात त्यांनी तो आवाज बारा वेळा थांबलेला मोजला. आजवर आपण उसवलं, सोडलं, पुन्हा शिवलं, पण हे कसं शिवणार?

दुसऱ्या दिवशी त्या चिमणीला शाळेच्या कपड्यांतच मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पोटाची तक्रार आहे म्हणून नेलं, खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. जाताजाता एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता, म्हणून कामाची पिशवी खांद्याला होती.

मुलांच्या विभागात बाहेरच्या खोलीत काटा होता, आणि रांगेत पंचवीस माणसं. चिमणी काट्यावर चढली. काट्याच्या पाटीवर आकडा उमटलाच नाही, नुसत्या आडव्या रेघा आल्या. काटा एकशेवीस किलोपर्यंतचाच होता. रांगेतलं एक लहान पोर फिदीफिदी हसलं. चिमणी उतरली, कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं तोंड ओढणीत लपवावं तसं दोन्ही तळहातांत लपवलं.

"घरी चल आई. मला काही नाही झालेलं."

तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई आल्या. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी त्या काट्याकडे पाहिलं, परिचारिकेवर डोळे वटारले, आणि चिमणीच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

"हा काटा इथं ठेवू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं, पण माझं ऐकतं कोण? चल, आत दार लावून बसू. आकडा तुला बघायचा नसेल तर बघू नकोस, मी पाटी झाकते."

आत दुसरं यंत्र होतं. अनवाणी पाय दोन चकत्यांवर ठेवायचे, हातांत दोन दांडे धरायचे.

"याच्यातून अगदी बारीक करंट जातो, तुला कळणारही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधा काटा काय करतो, हाडं, पाणी, स्नायू, चरबी सगळं एका पोत्यात भरून तोलतो. हे यंत्र पोतं उघडून आतलं काय काय आहे, त्याचा अंदाज देतं. आपल्याला चरबी किती आणि ती अंगात काय गोंधळ घालतेय तेवढंच शोधायचंय. तुझ्या स्वभावाचं वजन करायचं नाहीये."

चिमणी पहिल्यांदा थोडी हसली. कागद बाहेर आला. शंभरातले बावन्न भाग चरबी. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि प्रश्न विचारायला लागल्या.

"झोप कशी लागते?"

टेलरबाई घाईघाईनं म्हणाल्या, "चांगली लागते. जरा घोरते, एवढंच."

तोंडातून ते कसं निघालं, देव जाणे! चार वर्षांची सवय! लेकीसमोर वाईट बोलायचं नाही, झाकायचं, गुळगुळीत इस्त्री फिरवायची.

"आणि वजन कधीपासून वाढतंय? कपडे तंग व्हायला केव्हा लागले?"

यावर चिमणीच बोलली, आणि तिच्या आवाजात जरा अभिमान होता. "नाही झाले. हा स्कर्ट मी दोन वर्षं घालतेय. बघा ना, हा शाईचा डाग आठवीतला."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. "असं? म्हणजे दोन वर्षं वाढ नाही, ही चांगली गोष्ट आहे. मग एवढी घाई नको. झोपेची तपासणी करायला दीड महिन्यानंतरची तारीख मिळेल, तोवर..." असं म्हणत त्यांनी पेन उचललं.

टेलरबाईंनी त्या पेनाकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर घरी जाता येईल. चिमणीला काही कळणार नाही. पण दीड महिना! दीड महिना पोर रोज झोपणार, आणि एखाद्या वेळी तो श्वास परत आलाच नाही तर? आणि बोललं तर? लेकीच्या डोळ्यांत चार वर्षं जपलेली एकच सुखाची गोष्ट आपल्याच हातानं फाडायची?

"थांबा!" त्या एकदम ओरडल्या. पेन थांबलं. "मी खोटं बोलले. ती नुसती घोरत नाही, तिचा श्वास बंद पडतो. ओठ निळे पडतात. मी मोजलंय, तासात बारा वेळा. आणि तो स्कर्ट... तो स्कर्ट तो नाही. हा नववा आहे."

त्यांनी पिशवीतून मापाची वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला.

"आठ महिन्यांत कंबर सहा इंच. गळासुद्धा दोन इंच, म्हणजे श्वासाची वाटच दाबली जातेय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजच भरती करावं लागेल."

चिमणी आईकडे बघत होती. "म्हणजे डागपण?"

टेलरबाईंनी वही मिटली.

"डागपण खोटा? आई, सगळे मला हसायचे ना, तेव्हा मी मनात म्हणायचे, हसू देत, स्कर्ट तर तोच आहे. मी रात्रीचं जेवण सोडलं तेव्हा पण म्हणायचे, उतरलं नाही तरी वाढलं तर नाही ना. मला वाटायचं, ते खोटे आणि माझा स्कर्ट खरा!"

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. टेलरबाईंनी तिच्या खांद्याला हात लावला, तो तिनं झटकला.

त्याच दुपारी चिमणी झोपली तेव्हा झोपेची तपासणी झाली. तासाला चाळीस वेळा श्वास अडत होता, रक्तातला प्राणवायू फार खाली जात होता. यकृतावर चरबी, साखर काठावर. संध्याकाळी चिमणीचे बाबा कामावरून तसेच धावत आले, हातांना ग्रीस होतं. घाबरलेला माणूस रागावतो, तसे तेही बोलले, "तरी मी सांगत होतो! तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती!"

डॉक्टरीणबाईंनी टेलरबाईंकडून चिठ्ठीचं, कुलपाचं सगळं ऐकून घेतलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढला असता, तर डोळे नीट उघडून बघ म्हणून तिला ओरडला असता का?"

"त्याचा काय संबंध?"

"हाच संबंध. हा आजार आहे. भूक किती लागावी आणि पोट कधी भरलं म्हणावं, हे मेंदू आणि शरीरातली रसायनं ठरवतात. कुणाच्या अंगात ती घडीच बिघडलेली असते. त्यात जन्म, वारसा, झोप, घरातलं खाणं, मनावरचा ताण, सगळंच येतं. श्वास अडला की झोप मोडते, झोप मोडली की भूक वाढते, दिवसा डोळे मिटतात, हालचाल होत नाही, आणि वजन आणखी वाढतं. तुम्ही त्या पोरीला आळशी म्हणालात, तिला तर वर्षभर धड झोपच मिळालेली नाही! आणि कुलूप लावून काय केलंत? ती उपाशी राहिली, स्नायू झिजले, चरबी तशीच राहिली. कागदावर दिसतंय. माझ्या औषधाच्या कपाटात सगळं आहे, लाज नाही. लाजेनं कुणी बरं झालेलं मी बघितलं नाही."

ग्रीसचे हात तोंडावर धरून बाबा हमसून हमसून रडले.

"मग काय करायचं, डॉक्टर?"

"आधी झोपेत मास्क लावायचा. ते मशीन हवा ढकलतं आणि श्वासाची वाट उघडी ठेवतं. मग आख्ख्या घरानं खाणं बदलायचं, तिच्या एकटीचं ताट वेगळं करायचं नाही. हळूहळू चालणं. तिच्या मनाशी बोलायला आमच्या एक ताई आहेत. या वयात देता येतं असं इंजेक्शन आहे, ते बघू. तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचाही विचार सगळे मिळून करू. वर्षानुवर्षांचं काम आहे. पण पहिली पायरी मास्क आहे, आणि तो तिनं लावायला हवा."

आणि चिमणी मास्क लावेना! पहिल्या दिवशी लावला आणि पाच मिनिटांत ओरबाडून काढला. दुसऱ्या दिवशी हातच लावू दिला नाही. आईशी तर ती बोलतच नव्हती. जेवण आलं की भिंतीकडे तोंड. डॉक्टरीणबाईंनी टेलरबाईंना बाहेर बोलावून सांगितलं, "बांधून मास्क लावता येत नाही. तिनं नाही म्हटलं तर माझ्या हातात फार काही राहत नाही. तिचा कुणावर विश्वासच उरला नाहीये."

टेलरबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. अन्न गोड लागत नव्हतं. इथं आपल्याच मुलीला आपलं तोंड बघवत नाही, आणि चूक तिची नाही, आपलीच आहे. कुणाच्या पाया पडायचं? काय देऊन हे परत मिळवायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी चिमणीला झोप अनावर झाली होती. डोळे मिटत होते, ती जबरदस्तीनं उघडे ठेवत होती. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "काही नाही होत माझ्या चिमणीला. दोन दिवसांत घरी जाऊ. ठणठणीत होशील बघ."

चिमणी कडवट हसली. "बघा, झालं सुरू." मग दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं आईकडे पाहिलं. "आई, तू सांग. मी मरणार आहे का?"

बाबांनी घाईघाईनं "छे छे! काहीतरीच काय!" म्हटलं. टेलरबाईंच्याही जिभेवर तेच शब्द आले होते. सोपे, मऊ, सवयीचे शब्द. त्यांनी ते गिळले. आणि नजरही खाली घातली नाही.

"मास्क लावला नाहीस, औषध घेतलं नाहीस, तर हो. डॉक्टर म्हणाल्या, हृदयावर ताण येतोय. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. मला फार भीती वाटतेय चिमणे. त्या रविवारी तुझे ओठ निळे झालेले मी पाहिलेत."

चिमणी रडली नाही, ओरडलीही नाही. ती आईच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिली.

"आणि लावला तर?"

"तर श्वास अडणार नाही. बाकीचं सावकाश होईल. बारीक होशील की नाही, किती होशील, ते मला माहीत नाही. मी तसं वचन देणार नाही."

चिमणीनं उशाजवळचा मास्क उचलला, उलटसुलट करून बघितला. मग तो नाकावर धरला आणि मागचा पट्टा आईच्या हातात दिला.

"फार घट्ट नको बांधू," ती म्हणाली.

टेलरबाईंनी पट्टा बांधला. मशीन सुरू झालं. चिमणी सलग दोन तास झोपली, आणि त्या दोन तासांत तिचा श्वास एकदाही थांबला नाही. अहो, टेलरबाई त्या दिवशी जेवढ्या रडल्या तेवढ्या आयुष्यात कधी रडल्या नव्हत्या!

घरी गेल्यावर बाबांनी कुलूप काढलं. आत्यालाही त्यांनी दारातच सांगितलं, "अगं, माझ्या पोरीच्या अंगावरून या घरात कुणी बोलायचं नाही. तिला आजार आहे आणि तिचे उपचार चालू आहेत." आता सगळे एकच जेवण जेवतात, एकत्र चालायला जातात, दर महिन्याला दवाखान्यात जातात. काही महिने बरे जातात, काही वाईट. एकदा इंजेक्शननं चिमणीला इतक्या उलट्या झाल्या की सगळं सोडून द्यावं असं तिघांनाही वाटलं होतं. सोडलं नाही. वजन किती उतरलं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तो आकडा चिमणीचा आहे, आणि त्याची चौकशी करायचा हक्क तिच्या डॉक्टरांना आहे, आपल्याला नाही.

पण एवढं मात्र सांगतो. तुमच्या घरात, शेजारात, वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याला हसू नका, त्याच्या ताटाकडे डोळे वटारू नका, आणि "वयात आलं की उतरेल" म्हणून डोळेही मिटून घेऊ नका. झोपेत श्वास अडतोय का, दिवसा डोळे मिटतात का, वजन भराभर वाढतंय का, हे बघा आणि वेळेत डॉक्टरांकडे न्या. चारचौघांत त्याचं वजन करू नका. धाकानं हा आजार जात नाही, आणि झाकून ठेवला तर तो आतल्या आत वाढतच जातो. पोराजवळ बसा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि जे आहे ते मायेनं सांगा. ज्या लेकराला आपण खरं सांगू शकत नाही, त्याला बरंही करू शकत नाही.